असळजपर्यंत

स्वयंपाकघरातल्या भिंतीवर, फ्रिजच्या शेजारी,
मी पेन्सिलीनं रस्ता काढलाय.
खाली, कमरेच्या उंचीला, रंकाळा स्टँड.
त्याच्या वर बालिंगा, कळे, साळवण,
असळज, गगनबावडा,
मग करूळचा घाट, वैभववाडी, तळेरे,
आणि ज्या फळीवरचा साखरेचा डबा
मी दिवाळीपर्यंत टाचा न उचलता काढत होते
त्या फळीच्या रेषेत
कुणकेश्वर.

फिजिओथेरपीची मुलगी म्हणाली होती,
बोटं भिंतीवर चालवा, मुंगीसारखी, रोज थोडी वर.
मुंगी जाऊन जाऊन कुठं जाणार?
मी एस्टी केली.
डाव्या हाताची दोन बोटं, पुढची चाकं.
घाट उतरायचा म्हणजे हात वर चढवायचा,
तेवढं एक उलटं आहे.
बाकी रस्ता खरा.

समोरच्या तालमीत पहाटे पोरं जोर मारतात,
त्यांचं हुं, हुं इथंवर येतं.
साळवणच्या वळणावर
मीही एक हुं घालते त्यात.

नणंद आली, नव्या हंगामाचा गूळ घेऊन.
वहिनी, बरं वाटलं की आधी बाहुबलीला जाऊन येऊ,
मी बोललेय.
म्हटलं, तू बोललीयस, तू जाऊन ये.
मला कुणाचं काही फेडायचं नाही.
मला फिरायला जायचंय.
फिरायला, म्हणजे कशाला?
कशाला नाही.
ओसरीवर खुर्ची टाकून बसायला.
दुपारची भांडी दुसऱ्या कुणीतरी घासलेली ऐकायला.
ती बराच वेळ
गुळाच्या ढेपेकडं बघत राहिली.

शमशादनं पिशवी शिवली होती
ड्रेनच्या बाटलीसाठी, गळ्यात अडकवायची,
माझ्याच इरकलीच्या उरलेल्या खणाची.
बाटली गेली. पिशवीत आता यादी असते:
तीन सैल कुर्ते, पुढून बटणांचे.
काखेत धरायला बारकी उशी.
पुढच्या सीटचा पट्टा नेमका डाव्या खांद्यावरून येतो,
म्हणून मी मागं, ड्रायव्हरच्या पाठीशी.
ब्लाउजात भरायचा कापसाचा गोळा,
हे लिहिलं, खोडलं,
समुद्र काय मोजणार आहे, म्हटलं,
मग परत लिहिलं. जेवायला बाहेर जावंच लागेल.

खोलीसाठी मोंडकरबाईंना फोन केला.
किती माणसं?
दोन.
कधी येताय?
गुरुवारी रिझल्ट आहे, मग सांगते.
मुलाचा?
नाही, माझाच.
या वयात परीक्षा! बाई हसल्या,
आणि ॲडव्हान्स न घेता
समुद्राकडची खोली धरून ठेवली.

धनपाल अजून बघत नाहीत.
ड्रेसिंगच्या वेळी दाराबाहेर उभे राहून
कापूस आत देतात, चिकटपट्टी कापून देतात,
मला तेवढा त्यांचा हात दिसतो,
घड्याळाचा.
तीस वर्षं साखर कारखान्यात टाइमकीपर होता माणूस,
एक मिनिट इकडचं तिकडं केलं नाही कुणासाठी.

काल सकाळी बघते तर
कुणकेश्वर चार बोटं खाली आलेलं.
वरचं पुसलेलं, खोडरबराचा चुरा फ्रिजवर,
आणि खाली त्यांचं ते हजेरीबुकातलं तिरकं अक्षर.
वैभववाडी आणि तळेऱ्याच्या मधेच
समुद्र आणून ठेवला होता भल्या माणसानं.

मी काही बोलले नाही.
ओला फडका घेतला, पुसलं,
आणि पुन्हा फळीच्या रेषेत लिहिलं.
या खेपेला पेननं.
उजव्या हाताला कुठं काय झालंय.

आज असळजच्या पुढं गाडी जाईना.
काखेत सुतळी ताणल्यागत होतं तिथून,
कोपरापर्यंत, करंगळीपर्यंत.
हात खाली घेतला नाही.
बोटं तिथंच टेकवून आत हाक मारली,
अहो, असळजला गाडी थांबलीय.
चहा टाका.

ते आले, आधण ठेवलं,
भिंतीवरच्या पेनच्या अक्षरांकडं बघितलं,
मग माझ्याकडं,
मानेच्या थोडं खाली.
मनगट वर करून घड्याळ बघत म्हणाले,
किती वेळ थांबणार आहे?